तळाचे प्लेऑफ

अमेरिकेतल्या बास्केटबॉलशी माझा संबंध आला तो आमच्या इमारतीच्या लिफ्टमुळे.

बडोद्याला कारेलीबागेत आमचे शुभांकर फ्लॅट्स आहेत. आठ बिऱ्हाडं. त्या आठांपैकी एकालाही सेक्रेटरी व्हायचं नसतं. सेक्रेटरी म्हणजे, लिफ्ट बंद पडली की ज्याला फोन करायचा आणि ती सुरू झाली की 'इतके दिवस काय झोपला होतात?' असं ज्याला विचारायचं, तो गृहस्थ. आमचे मागचे सेक्रेटरी वैतागून, फ्लॅट विकून पलीकडच्या समा भागात राहायला गेले. तिथल्या सोसायटीने पहिल्याच महिन्यात त्यांना सेक्रेटरी केलं, कारण 'तुम्हाला अनुभव आहे'. हे कळल्यापासून आमच्याकडे अनुभव घ्यायलाच कोणी तयार होईना.

शेवटी गच्चीवर मीटिंग भरली. मी एका रसायनांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. व्हॉल्व्ह, गॅस्केट, पंप आणि क्वचित साहेबांच्या केबिनचे पडदे खरेदी करण्यात माझी हयात गेली. त्यामुळे मीटिंगमध्ये कुठे बसलं की आपलं नाव निघत नाही, याचं मला शास्त्रशुद्ध ज्ञान आहे. मी टाकीच्या मागे बसलो होतो.

"चिठ्ठ्या टाकू," कोणीतरी म्हणालं.

"चिठ्ठी नाही चालणार," रश्मिकांतभाई गरजले. हे तळमजल्यावर राहतात. निजामपुऱ्यातलं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून दिवसभर पार्किंगमधल्या हिंडोळ्यावर बसून असतात. मराठी उत्तम बोलतात, म्हणजे शब्द मराठी आणि चाल गुजराती. "गये वखते माझं नाव निघालं होतं. ती चिठ्ठी जाडी होती. मी तर कापडवाला माणूस, बोटाला कळते."

"मग क्रिकेटवर ठरवू," दुसऱ्या मजल्यावरच्या मितालीबेन म्हणाल्या. या गरब्याचे क्लास घेतात. त्यावर एवढा गोंधळ झाला की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. क्रिकेटमधलं प्रत्येकालाच कळतं, त्यामुळे क्रिकेटवर आमच्या इमारतीत आजवर काहीच ठरलेलं नाही.

तेव्हा माझी मुलगी इरा उठली. ती घरात बसून बंगळुरूच्या कंपनीची नोकरी करते आणि बाकीच्या वेळात माझी अब्रू सांभाळते, असा माझा त्या दिवसापर्यंत समज होता.

"तुम्हाला अशी गोष्ट हवी आहे ना," ती म्हणाली, "की जिथे आपल्यापैकी कोणाचाही हात पोचणार नाही आणि जिच्यातलं कोणाला काही कळणारही नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमत झालं ते तेव्हा.

मग तिने समजावून सांगितलं. फोनवर एक खेळ असतो. अमेरिकेत खरेखुरे बास्केटबॉलचे सामने चालतात. आपण फोनवर त्यांतले आपल्या पसंतीचे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा. तिकडे खऱ्या सामन्यात आपल्या खेळाडूने बास्केट केली, की इकडे आपल्याला गुण. निशाणा चुकून उडालेला चेंडू त्याने पकडला, की त्याला रिबाउंड म्हणतात, त्याचेही गुण. चेंडू घालवला, तर वजा. आठ बिऱ्हाडांचे आठ संघ. मोसम संपला की वरचे चार सुटले. खालच्या चौघांचे प्लेऑफ. त्यात जो हरेल तो पुढच्या फेरीत जाणार आणि अंतिम फेरीत जो हरेल तो सेक्रेटरी. देखरेख इराची.

"हरणारा पुढे जातो?" मी टाकीमागून विचारलं.

"सरकारी खात्यासारखं," रश्मिकांतभाई म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

*

खेळाडू निवडायला आम्ही एका रविवारी सकाळी शेवउसळ खात बसलो. प्रत्येकाने आपापल्या अकलेने निवड केली. रश्मिकांतभाईंनी फक्त आडनावं बघितली. प्राइस, बँक्स, मर्चंट, गोल्ड. "धंद्याची माणसं आहेत, नुकसान करणार नाहीत," ते म्हणाले. मितालीबेननी प्रत्येकाचा व्हिडिओ लावून फक्त पाय बघितले आणि दोघांना 'ताल कच्चा' म्हणून नापास केलं. तिसऱ्या मजल्यावरचे सुभानराव, ज्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि जे स्वतः अजून मनाने तिथेच हजर आहेत, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळकृष्णराव, घराणं बघा. आजोबा खेळलेले, वडील खेळलेले, असा मुलगा दबावाखाली डगमगत नाही." असा मला सल्ला देऊन ते स्वतः जिन्यावर गेले आणि त्यांनी फोन बंद करून ठेवला. त्यांचे खेळाडू यंत्राने आपोआप निवडले.

मी मात्र ही निवड खरेदीच्या नियमांनी केली. चमक बघायची नाही, टिकाऊपणा बघायचा. कोण किती वेळा मोडला, कुठे मोडला, दुरुस्तीला किती दिवस लागले, हे सगळं तपासून मी असे खेळाडू निवडले की ज्यांचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, पण जे वर्षानुवर्षं विनातक्रार चालू होते. शिवाय एक स्पेअर. स्पेअरशिवाय मी आयुष्यात पंप घेतलेला नाही. ग्रेडी हॉलब्रुक नावाचा एक उंच, उदास चेहऱ्याचा गृहस्थ मी राखीव म्हणून बाकावर बसवून ठेवला.

माझा हिशेब कुठे चुकला ते सांगतो. अमेरिकेत टिकाऊ माणसाला विश्रांती देतात. म्हणजे माणूस ठणठणीत आहे, बूट घालून मैदानाशेजारी बसला आहे, हसतो आहे, पण खेळत नाही, का, तर तो पुढेही ठणठणीत राहावा म्हणून. पायबिय मुरगळलेले मात्र ईर्षेने खेळत होते. आमच्या कारखान्यात ही पद्धत असती तर मी बत्तीस वर्षं घरीच असतो. हे मी साहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "दिघे, तुमच्या बाबतीत फार फरक पडला नसता." तेव्हापासून मी ऑफिसात बास्केटबॉलचा विषय काढलेला नाही.

उत्तरायणापर्यंत मी सहावा होतो. होळीला सातवा. आठव्या नंबरावर रश्मिकांतभाई, कारण मर्चंट तुर्कस्तानात खेळायला निघून गेला होता आणि गोल्डने बास्केटबॉल सोडून गाणी म्हणायला सुरुवात केली होती. पहिल्या नंबरावर सुभानराव. त्यांनी फोन अजून उघडलाच नव्हता.

अशा रीतीने मी प्लेऑफमध्ये पोचलो.

इथे माझ्या बायकोचा, नलिनीचा स्वभाव सांगायला हवा. ती खोटं बोलत नाही. फक्त समोरच्याने जेवढं विचारलं तेवढंच सांगते. मराठी मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवात कोणीतरी विचारलं, "यजमान सध्या काय करतात?" ती म्हणाली, "सध्या अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये आहेत. प्लेऑफ गाठले." पुढचं कोणी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष धैर्यशीलराव यांचा फोन आला.

"बाळकृष्णराव, काय ऐकतोय मी! बडोद्याचा मराठी माणूस! अंतिम फेरी झाली की जाहीर सत्कार. निकाल काहीही लागो."

"अहो, पण ते तसं नाही..."

"विनय! हाच तो आपला विनय!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

*

उपान्त्य फेरीत माझी गाठ मितालीबेनशी पडली. त्यांच्या खेळाडूंचे पाय खरोखरच चांगले होते. मी सपाटून हरलो, म्हणजे पुढे गेलो. अंतिम फेरीत समोर रश्मिकांतभाई.

इमारतीचे दोन तट पडले. निम्म्यांना वाटे, रश्मिकांतभाई सेक्रेटरी व्हावेत, ते पंपाच्या जवळ राहतात. बाकीच्यांना मी हवा होतो. "दिघेसाहेब खरेदीत आहेत, पाइप स्वस्तात आणतील." माझ्या पराभवासाठी लोक देवाला नवस बोलत आहेत हे मला लिफ्टमध्ये, माझ्यासमोर, अगदी प्रेमाने सांगण्यात आलं.

अंतिम फेरी आठवडाभराची होती आणि पहिल्याच दिवशी माझा मुख्य खेळाडू, कॉर्बिन शेल, घोटा मुरगळून पडला. साधा इलाज होता. त्याला बाकावर बसवायचं आणि स्पेअर ग्रेडीला संघात घ्यायचं. मी फोन उघडला. फोनने पासवर्ड मागितला. मी दिला. फोन म्हणाला, हा नाही. मी दुसरा दिला, मग तिसरा, मग इराची जन्मतारीख, मग नलिनीची. नलिनी शेजारीच बसली होती. "माझी तारीख ती नाही," ती म्हणाली. त्या संध्याकाळी घरात जेवण झालं, पण संभाषण झालं नाही. फोनने माझं खातं बंद केलं आणि ओळख पटवायला सांगितलं.

ओळख! मी आधार कार्डाचा फोटो पाठवला. उत्तर आलं की खातं बाळकृष्ण दिघे यांचं आहे आणि कार्ड बाळक्रुष्ण दिघे नावाच्या वेगळ्याच इसमाचं. आता यात माझा काय दोष? गुजरातेत इंग्रजी लिहिताना कृष्णाचा 'क्रुष्ण' होतो. आमच्याकडे सगळे कृष्ण क्रुष्ण आहेत. खातं इराने उघडलं होतं, आणि ती आयसीएसईच्या शाळेत शिकलेली. मदतीला म्हणून एक यंत्र होतं. ते दर वाक्याला म्हणे, "तुमची अडचण मी समजू शकते." मी लिहिलं, "तिकडे शेल घोटा धरून बसलाय, त्याचे मला रोज शून्य गुण मिळतायत." ते म्हणालं, "घोट्याला बर्फ लावा."

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कोर्टाच्या आवारात गेलो. तिथे झाडाखाली नोटरी बसतात. त्यांतले एक वयस्कर, चष्मा कपाळावर असलेले, विश्वासू वाटले.

"शुं काम छे?"

"मी बाळकृष्ण आणि बाळक्रुष्ण एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र हवंय."

"मिळेल. कशासाठी? घर, जमीन, की दुसरं लग्न?"

"एका माणसाला बाकावरून उठवायचंय."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "भाडेकरू?"

"नाही. अमेरिकेत आहे. उंच आहे."

"तो उठत नाही?"

"तो उठायला तयार आहे हो. मी सांगितल्याशिवाय त्याला उठता येत नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला. मग शेजारच्या टायपिस्टला म्हणाले, "कारण लिही, घरगुती अडचण." आणि शिक्का मारताना मला हळूच विचारलं, "घरात कोणी मोठं आहे का तुमच्याबरोबर?"

तो कागद पाठवला, तरी यंत्राला तो कळेना, कारण शिक्का गुजरातीत होता. तेव्हा इराने इंग्रजीत एक सविस्तर मेल लिहिला. खरेदीतल्या सवयीने मी स्वतः आणखी एक मेल लिहिला, तो थेट शेलच्या संघाच्या अमेरिकेतल्या कार्यालयाला. "आपल्या उत्पादनाच्या घोट्याच्या स्थितीबाबत लेखी खुलासा करावा व दुरुस्तीची अपेक्षित तारीख कळवावी." त्यावर मात्र लगेच उत्तर आलं. त्यांनी आभार मानून मला टोपी विकत घेण्याचं सुचवलं होतं.

अंतिम फेरीच्या शेवटच्या दिवशी पहाटे खातं उघडलं. इराने शेलला काढलं, ग्रेडीला घेतलं. तोवर मी इतका मागे पडलो होतो की नलिनीने पंपाची किल्ली ठेवायला भिंतीवर खिळा ठोकून घेतला होता.

*

बडोद्यात सकाळचे चहा चालू असतात तेव्हा तिकडे सामने चालू असतात. आमचा टीव्ही मोठा, म्हणून अख्खी इमारत आमच्या हॉलमध्ये. जलेबी-फाफडे आले. सोफ्यावर मधोमध मी आणि रश्मिकांतभाई, शेजारी शेजारी, नवरदेव आणि विहीण बसल्यासारखे अवघडून. त्यांचा प्राइस आणि माझा ग्रेडी योगायोगाने एकमेकांविरुद्धच खेळत होते.

आणि तो उदास चेहऱ्याचा ग्रेडी, ज्याला मी मोसमभर बाकावर बसवला होता, तो असा काही पेटला म्हणता! त्याने बास्केट केल्या. पास दिले. समोरच्याचे चेंडू असे हवेतल्या हवेत थोपवले की मितालीबेन टाळ्या वाजवून म्हणाल्या, "आनो ताल जुओ!" मी दर बास्केटला उभा राहत होतो. दर वेळी उभा राहिलो की जलेबीचा पाक माझ्या शर्टावर आणखी खाली उतरत होता.

"दिघेसाहेब, ब्लडप्रेशर," रश्मिकांतभाई म्हणाले. पण त्यांचा स्वतःचा हात माझ्या मांडीवर होता आणि ते ती पिळत होते.

सामना संपत आला. फोनवर माझा आकडा त्यांच्या अगदी जवळ पोचला होता. एक रिबाउंड मिळाला की मी पुढे. कोणीतरी लांबून चेंडू फेकला. तो रिंगच्या कडेला लागून उंच उडाला. खाली दोन हात वर गेले, एक ग्रेडीचा आणि एक त्याच्याच संघातल्या केसांचा अंबाडा घातलेल्या गड्याचा. चेंडू दोघांच्या हातांना लागला, भोंगा वाजला आणि खेळ संपला.

सगळे इराकडे वळले. इराने फोनकडे बघितलं.

"रिबाउंड ग्रेडी हॉलब्रुक," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही जिंकलात!"

मी जिंकलो! बत्तीस वर्षांत मला स्पेअरचं महत्त्व कोणी मान्य केलेलं नव्हतं. मी सुभानरावांना मिठी मारली. नलिनीने भिंतीवरचा खिळा काढला. रश्मिकांतभाई उठले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि खानदानी माणसासारखं म्हणाले, "चालो, थयुं. तुम्ही मोठे खेळाडू. मी सेक्रेटरी." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एका शाळेकडून तात्पुरता आणलेला बास्केटबॉल, जो मी फोटोपुरता काखेत धरायचा होता. धैर्यशीलरावांनी माझी ओळख 'सातासमुद्रापार बडोद्याचा झेंडा रोवणारे' अशी करून दिली. तळाचे प्लेऑफ, सेक्रेटरीपद वगैरे मी सुरुवातीलाच सांगणार होतो. देवाशप्पथ सांगणार होतो. पण शाल घातल्यावर माणसाचा आवाज बदलतो.

"तरुण मित्रहो," मी म्हणालो, "विजय हा शेवटच्या क्षणी हात वर करणाऱ्याचा असतो."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेत इरा उभी राहिली आणि हातवारे करू लागली. मला वाटलं, कौतुक करतेय. मग ती व्यासपीठाजवळ आली आणि खालूनच कुजबुजली, "बाबा, तिकडे गुणांची दुरुस्ती झालीय. त्यांनी व्हिडिओ परत बघितला. तो रिबाउंड ग्रेडीचा नव्हता, अंबाडेवाल्याचा होता. तुम्ही हरलात. तुम्ही सेक्रेटरी."

माईक चालू होता.

माझ्या काखेतला चेंडू निसटला, टप्पे खात पायऱ्या उतरला आणि मधल्या वाटेने दरवाजाबाहेर गेला. सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं. अखेर धैर्यशीलराव उठले आणि म्हणाले, "पराभवातही ज्यांची मान ताठ राहिली..." आणि त्यांनी आणखी वीस मिनिटं भाषण केलं. शाल त्यांनी परत मागितली नाही, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

मी मनाशी हार मानूनच घरी आलो. नियम म्हणजे नियम. पण फाटकातून आत शिरलो तर काय, पार्किंगच्या भिंतीवर नवीकोरी पाटी. 'श्री. रश्मिकांतभाई, माननीय सेक्रेटरी'. हिंडोळ्यासमोर टेबल. टेबलावर रबरी शिक्का, घंटी आणि टेबलामागे इस्त्रीचा झब्बा घातलेले रश्मिकांतभाई. एका दिवसात त्यांनी लिफ्टवाल्याला झापलं होतं, कचरेवाल्याची वेळ बदलली होती, आणि फलकावर पहिली सूचना लावली होती: 'फ्लॅट नं. ५ यांनी सकाळी टीव्हीसमोर आरडाओरडा करू नये. हुकमावरून.'

फ्लॅट नंबर पाच आमचा आहे.

"रश्मिकांतभाई," मी शांतपणे म्हणालो, "निकाल बदललाय. मी हरलोय. सेक्रेटरी मी आहे."

"मला इराबेटीने सांगितलं," ते म्हणाले. "पण कार्यभार घेऊन झाला ना. शिक्का बनला. आता कसं परत जायचं?"

"म्हणजे? पद माझं आहे!"

"साहेब, तुम्ही जिंकलात तेव्हा जलेबी खाल्ली. खाल्ली की नाही? मग? जलेबी परत येते?"

त्यांनी घंटी वाजवली. का, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. पण आवाज छान होता.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आलो. "ज्या माणसाचा मर्चंट तुर्कस्तानला पळून गेला तो मला हुकूम सोडणार?" मी नलिनीला म्हणालो.

"पण तुम्हाला सेक्रेटरी व्हायचंच नव्हतं ना?"

"मला व्हायचं नव्हतं हा वेगळा मुद्दा. माझा हक्क डावलला हा वेगळा मुद्दा."

नलिनीने त्या दोन मुद्द्यांवर विचार केला आणि कुकर लावायला निघून गेली.

यानंतरचे काही महिने मी आयुष्यात कधी भांडलो नव्हतो तसा भांडलो. मी त्या रिबाउंडचा व्हिडिओ संथ गतीने दारोदार दाखवला. "बघा, बोट बघा. अंबाडेवाल्याचं बोट आधी लागतंय. ग्रेडी नुसता हात लावतोय." माझा स्वतःचा माणूस कसा कुचकामी ठरला, हे मी इतक्या कळकळीने सांगत असे की ऐकणाऱ्यांना चहा विचारायचंही सुचत नसे. रश्मिकांतभाई गप्प नव्हते. ते हिंडोळ्यावर बसून उलट प्रचार करत. "दिघेसाहेबांच्या माणसाचाच रिबाउंड होता. काय सुंदर रिबाउंड! साहेब तर विजेते आहेत. विजेत्याला मेहनतीचं काम कसं देणार?" प्रत्येक जण दुसऱ्याला हार घालायला निघाला होता.

*

अखेर जुलैत, भर पावसात, गच्ची सोडून आमच्याच हॉलमध्ये सर्वसाधारण सभा भरली. बाहेर विश्वामित्री नदी, तिच्यातल्या मगरींसकट, दुथडी भरून वाहत होती. आत दोन्ही पक्षांनी बाजू मांडली.

"मी हरलो आहे," मी उभा राहून म्हणालो. "मी हे अभिमानाने सांगतो. मी सर्वांत टिकाऊ खेळाडू घेतले आणि त्यांतला एकही टिकला नाही. मला माझा पासवर्ड आठवत नाही. मला माझ्या बायकोची जन्मतारीख आठवत नाही. माझं नाव काय, याबद्दल अमेरिकेत अजून शंका आहे. यापेक्षा आणखी कसं हरायचं असतं?"

"वाह!" सुभानराव म्हणाले.

"हूं पण हार्यो ज छुं ने!" रश्मिकांतभाई ओरडले. "मोसमभर तळाला कोण होतं? मी! आठवा नंबर कोणाचा? माझा! साहेब तर सातवे. सातवा माणूस आठव्याला हरण्याचं शिकवणार?"

मुद्दा बिनतोड होता. सभा डळमळली. तेव्हा मितालीबेन उठल्या. "रश्मिकांतभाई," त्या म्हणाल्या, "तुमचे लोक पळून गेले म्हणून तुम्ही तळाला होता. दिघेसाहेबांचे सगळे हजर होते, तरी ते हरले. खरी हार कोणाची?"

हात वर करून मतदान झालं. रश्मिकांतभाई सोडून सगळे हात माझ्या बाजूने. नलिनीने तर दोन्ही वर केले. शुभांकर फ्लॅट्समधला सर्वांत मोठा पराभूत म्हणून माझी बहुमताने निवड झाली. मला इतका आनंद मंडळाच्या सत्कारातही झाला नव्हता. रश्मिकांतभाईंनी जड हाताने शिक्का आणि घंटी माझ्यासमोर ठेवली आणि जिना उतरून गेले.

लोक पांगले. मी घंटी एकदा वाजवून बघितली. खरंच छान आवाज होता. नलिनीला म्हणालो, "बघितलंस? न्यायाला वेळ लागतो, पण मिळतो."

दाराची बेल वाजली. दारात रश्मिकांतभाई. नखशिखान्त भिजलेले, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. चेहरा मात्र कमालीचा आदबशीर.

"सेक्रेटरीसाहेब," ते हात जोडून म्हणाले, "नदीचं पाणी आलंय. पार्किंगमां मगर आव्यो छे. हिंडोळ्याखाली बसलाय. आपण या."

मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघितलं. हिंडोळ्याखाली एक चांगली लांबलचक मगर पसरली होती. रश्मिकांतभाईंची दुसरी चप्पल तिच्या तोंडाशी होती आणि ती वर, बरोबर माझ्याकडे बघत होती. सगळ्या मजल्यांवरून डोकी बाहेर आली होती आणि तीही माझ्याकडेच बघत होती.

मी रश्मिकांतभाईंच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला.

"रश्मिकांतभाई," मी म्हणालो, "मी तो व्हिडिओ मघाशी परत एकदा बघितला. माझं प्रामाणिक मत सांगू? रिबाउंड ग्रेडीचाच होता."